लिमा पाहून आलेला टोप

मी एक जुना टोप आहे. डोक्यावर घालायचा नव्हे, चुलीवर चढवायचा. माझा एक कान तुटला आहे, बूड काळं पडलं आहे आणि सध्या माझ्यातून कोंबड्या पाणी पितात. मित्रांनो, कोंबड्यांविषयी माझी काही तक्रार नाही. त्या येतात, पाणी पितात, निघून जातात. गोड बोलत नाहीत. मी आयुष्यात गोड बोलणं पुष्कळ ऐकलं, त्यापेक्षा कोंबड्या परवडल्या.

या घरातलं सगळ्यात मोठं भांडं मीच. तरी गेली दोन वर्षं मला कुणी चुलीवर ठेवलेलं नाही. घरच्या बाईला, तेओफिलाला, माझ्याकडे बघवत नाही. अंगणात येते तेव्हासुद्धा मला वळसा घालून जाते. असं का, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म वांकायो शहराबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथला ओतारी बंद पडलेल्या ट्रकांचे पिस्टन, मोडक्या खिडक्यांच्या चौकटी आणि लोकांच्या फुटक्या किटल्या एकत्र वितळवायचा आणि वाळूच्या साच्यात ओतायचा. त्यामुळे माझं कूळ विचारलंत तर सांगता येणार नाही. पण बूड जाड निघालं. रविवारच्या बाजारात तेओफिलाने मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, कान लावून आवाज ऐकला आणि नवऱ्याला म्हणाली, "हाच घ्या. हा आपल्यानंतरही टिकेल." तिचा नवरा सातुर्निनो याने मला पाठीवर बांधलं आणि वर डोंगरात, पुकारुमी गावात नेलं.

मला घेतलं होतं ते थोरल्या लेकीच्या, नेलिदाच्या, बारशाच्या जेवणासाठी. त्या दिवशी मी साठ माणसांचं मटणाचं सूप शिजवलं. पाद्र्याने पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा तिला हातावर धरायला राजधानीतून, लिमाहून, एल्विराबाई आल्या होत्या. त्यांचे वडील आमच्याच गावचे, पण बाई लिमात वाढलेल्या, तिथे त्यांचं लोकर आणि बटणांचं दुकान. बारशात जी बाई पोरीला हातावर धरते ती तिची धर्माची आई होते. आमच्या डोंगरात हे नातं रक्ताच्या नात्याइतकं मानतात, कधी कधी जास्तच. एल्विराबाईंनी सूप दोनदा मागून घेतलं आणि माझ्या कडेवर टिचकी मारून म्हणाल्या, "काय टोप आहे गं! असलं जाड बूड लिमात शोधून मिळत नाही." मी फुगलो होतो त्या दिवशी. नवं भांडं आणि नवी सून, दोघांना कौतुक लगेच खरं वाटतं.

पुढची आठ वर्षं मी राबलो. घरात बटाटे, मका, सूप. गावात लग्न असो की मयत, मी असायचोच. आमच्या गावात एक रीत आहे. भरलेलं भांडं कुणाच्या घरी गेलं तर ते रिकामं परत करत नाहीत. निदान चार बटाटे, मूठभर वाटाणे, काहीतरी घालून देतात. आणि ज्याचं भांडं असतं तो ते मागायला जात नाही. तुमचं भांडं त्याच्या घरात आहे म्हणजे तुमचं त्याच्याशी येणंजाणं चालू आहे, असं समजायचं. रिकामं भांडं कुणी दारात आणून ठेवलं, की ओळखायचं, संपलं.

नेलिदा आठ वर्षांची झाली. तिच्या पाठीवर योवाना, चार वर्षांची. तिच्या पाठीवर अबेल, दोन वर्षांचा. गावच्या सणाला एल्विराबाई पुन्हा आल्या. दुपारी त्या तेओफिलाजवळ अंगणात बसल्या. तेओफिला बटाटे सोलून माझ्यात टाकत होती.

"पोरगी हुशार आहे तुझी," बाई म्हणाल्या. "इथं राहून काय करणार? मेंढ्या मोजणार?"

"शाळेत जाते ना, बाई."

"कसली शाळा! मास्तर सोमवारी उशिरा येतो आणि गुरुवारी लवकर पळतो. माझ्याकडे दे तिला. माझ्या मुलींबरोबर शाळेत जाईल. घरात जरा हाताखाली मदत, बस्स. अगं, मी तिची कोण? आईच ना?"

मास्तराबद्दल बाई बोलल्या ते शंभर टक्के खरं होतं. खोटं बोलणाऱ्याचं निम्मं बोलणं खरंच असतं, म्हणून तर ते पचतं.

बाई गेल्यावर सातुर्निनो हातातली टोपी फिरवत म्हणाला, "पोरीला सांगितलं तर ती येणार नाही."

"मग?"

"फिरायला म्हणून नेऊ. सगळ्यांनाच नेऊ. लिमा बघतील, जनावरांची बाग बघतील, समुद्र बघतील. आणि मग..."

तेओफिलाने एक बटाटा इतका सोलला की त्यात बटाटा राहिलाच नाही.

मुलांचा आनंद काय सांगू! नेलिदाने साऱ्या शाळेला सांगून टाकलं, "आम्ही लिमा बघायला जाणार. सगळे. अबेलसुद्धा." मैत्रिणींनी काय काय बघून यायचं याची यादी तिच्याकडून पाठ करून घेतली. निघायच्या दिवशी तेओफिलाने मला हिरव्या भाताने काठोकाठ भरलं. वाटलेल्या कोथिंबिरीच्या पाण्यात शिजवलेला भात, त्यात वाटाणे, वर दोन कोंबड्यांचे तुकडे. निम्मा समुद्रावर खायचा, निम्मा बाईंच्या घरी द्यायचा. मला चादरीत गुंडाळून गाठ मारली. एक कान सातुर्निनोने धरला, दुसरा नेलिदाने.

सकाळी लिमात उतरलो. शहरातल्या बसमध्ये चढतो न चढतो तोच कंडक्टर ओरडला, "ए पहाडी, ते बोचकं मांडीवर घे!"

"मांडीवर पोर आहे," सातुर्निनो म्हणाला.

"मग पोर टोपात ठेव!"

सगळी बस हसली. नेलिदाही हसली, तिला तो विनोद वाटला. सातुर्निनो मात्र खिडकीबाहेर बघत राहिला.

जनावरांच्या बागेत तिकीट काढून आत गेलो तर पहिल्याच कुंपणात लामा, आमच्या डोंगरातलं लांब मानेचं, लोकरीचं, ओझं वाहणारं जनावर. सातुर्निनो कपाळावर हात मारून म्हणाला, "पैसे भरून लामा बघायची? घरी चौदा आहेत!" अबेलने तिला घरच्यासारखी हाळी दिली आणि ती लामा खरंच मान वळवून बघायला लागली. आजूबाजूचे शहरी लोक थक्क. नेलिदाने मात्र वेगळंच पाहिलं. "आई, हिचे कान रिकामे आहेत. कुणी लोकर बांधलीच नाही." आमच्याकडे लामाच्या कानाला रंगीत लोकरीचे गोंडे बांधतात, कुणाची लामा ते त्यावरून कळतं. नेलिदाने आपल्या वेणीतली लाल लोकर सोडवली आणि कुंपणातून हात घातला. रखवालदाराने शिट्टी फुंकली. तिने हात मागे घेतला आणि लोकर पुन्हा वेणीत गुंफली.

मग समुद्र. फेब्रुवारीचं ऊन, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा, आणि वाळूवर बघावं तिकडे टोप! चादरीत बांधलेले, छत्रीखाली ठेवलेले, भाताचे, शेवयांचे, उकडलेल्या मक्याचे. सगळे आमच्यासारखे डोंगरातून आलेले. मला माणसांत आल्यासारखं वाटलं. नेलिदा घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि तिथून ओरडून विचारू लागली.

"आई, हे थांबतं कधी?"

"नाही थांबत."

"रात्रीपण नाही?"

"रात्रीपण नाही."

"मग हे दमत नाही?"

तेओफिलाने माझं झाकण काढलं आणि वाढायला घेतलं. कोंबडीची तंगडी घरात नेहमी बापाच्या ताटात जाते. त्या दिवशी तेओफिलाने एक तंगडी नेलिदाला वाढली, आणि सातुर्निनोने आपल्या ताटातली दुसरीही उचलून तिच्याच ताटात ठेवली. पोर दोन्ही तंगड्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "आज माझा वाढदिवस आहे का?"

मित्रांनो, मी भट्टीत वितळलो आहे, रोज आगीवर बसलो आहे. पण त्या वेळी वाळूवर जसा पोळलो तसा कधी पोळलो नाही.

दुपारी एल्विराबाईंच्या घरी पोचलो. खाली दुकान, वर घर. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, टोपासकट आलात? जत्रेला निघाल्यासारखे?" मग हसून सगळ्यांना आत घेतलं, मुलांना खारी बिस्किटं दिली. भात त्यांनी काचेच्या भांड्यात काढून घेतला. मी रिकामा झालो. तेओफिला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मागणार नाही, रीतच नाही ती. बाईंनी मला वर उचलून पाहिलं.

"हा टोप राहू दे इथेच. एवढा मोठा माझ्याकडे नाही."

तेओफिलाचा चेहरा उजळला. मला तो आजही दिसतो. तिला वाटलं, बाईंनी भांडं ठेवून घेतलं म्हणजे येणंजाणं राहिलं, नातं पक्कं झालं, पोर परक्या घरात नाही. जिन्यावरून उतरताना ती नवऱ्याला धीर द्यायला हेच सांगत होती, "टोप ठेवून घेतलाय बाईंनी. बघितलंत ना? टोप ठेवून घेतलाय." त्या दोघांना वाटलं नातं जुळलं. बाईंना इतकंच वाटलं, की टोप मिळाला.

पण त्याआधी जे झालं ते सांगायचं राहिलं, की मुद्दाम टाळलं, माझं मलाच ठाऊक. निघायच्या वेळी तेओफिला वाकून नेलिदाला म्हणाली, "आम्ही जरा खाली जाऊन येतो. तू इथं टोपाजवळ बस. लक्ष ठेव हं, कुणी उचलून नेईल. आम्ही आलोच."

नेलिदा माझा कान धरून बसली. दोन्ही हातांनी. मुलगी शहाणी, सांगितलेलं काम करणारी. अर्धा तास झाला, तास झाला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आणि गेलं. बाईंच्या दोन मुली आल्या, बघून गेल्या. शेवटी बाई आल्या आणि म्हणाल्या, "ऊठ आता. गेले ते. तू इथंच राहायचंस, तुला सांगितलं नाही का त्यांनी?" नेलिदा रडली नाही. म्हणाली, "पण टोप इथंच आहे की. टोप सोडून कसे जातील?"

मी तोंड उघडू शकत नाही. पण त्या खोटेपणात माझा हात होता हे मी नाकारत नाही.

पुढची तीन वर्षं आम्ही दोघं त्या स्वयंपाकघरात काढली. बाई मारत नव्हत्या, हे सांगायलाच हवं. मारलं असतं तर पोचा तरी दिसला असता. पहिल्या वर्षी म्हणाल्या, जन्माचा दाखला नाही, शाळा घेत नाही. सातुर्निनोने चार दिवस खेटे घालून दाखला मिळवला, पाठवला. दुसऱ्या वर्षी फक्त नेलिदाला म्हणाल्या, आता वर्गात जागा उरली नाही; गावी वाटत होतं, दाखला गेला म्हणजे शाळा सुरू झाली. तिसऱ्या वर्षी काही म्हणाल्या नाहीत; कारण कुणी विचारलंच नाही. नेलिदा रोज सकाळी बाईंच्या मुलींच्या गणवेशाला इस्त्री करायची, त्यांची दप्तरं दारापर्यंत न्यायची आणि दार लावून परत यायची. मग भांडी, लादी, भाजी, दुकानातली लोकर रंगांप्रमाणे लावणं.

"दुकानात गिऱ्हाईक असताना मला धर्मआई म्हणायचं नाही," बाईंनी सांगितलं. "नुसतं बाई म्हण." थोड्या दिवसांनी घरातही तेच झालं.

आमच्या डोंगरातली बोली त्यांना चालत नसे. "ती जनावरांची भाषा इथं नको. मुली शिकतील." म्हणून नेलिदा ती बोली फक्त मला घासताना बोलायची. टोपात तोंड घालून बोललं की बाहेर ऐकू जात नाही. ती मेंढ्यांची नावं म्हणायची, एकेक करून. मग अबेल, योवाना. आई-बाबांचं नाव ती घेत नसे.

महिन्यातून एका रविवारी गावच्या दुकानातून फोन यायचा. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. बाई शेजारी उभ्या राहायच्या, कपडे घडी करत.

"शिकतेस ना गं?" तिकडून तेओफिला ओरडायची. तिला वाटायचं लांबच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं.

"हो आई."

"काय काय शिकवलं?"

"सगळंच."

"आणि समुद्र? बघतेस ना?"

"हो. बघते."

बाई समोर उभ्या होत्या म्हणून ती खोटं बोलली, हे अर्धंच खरं आहे. एकदा बाई दाराशी कुणाशी बोलायला गेल्या होत्या. नेलिदा एकटीच होती फोनवर. बोलू शकली असती. पण तिकडून तेओफिला दुकानात जमलेल्या बायकांना सांगताना ऐकू आली, "ऐकलं का, सगळं शिकवतात हिला! समुद्र तर रोजचाच!" तिच्या आवाजात इतका आनंद होता, की पोरीने तोंड मिटून घेतलं. आठ-नऊ वर्षांची पोर आईला जपत होती. जपायला हवं होतं कुणी कुणाला?

या खोट्याचं फळ तिसऱ्या फेब्रुवारीत दारात येऊन उभं राहिलं. तेओफिला, सातुर्निनो, पाच वर्षांचा अबेल, आणि नवे बूट घातलेली, वेण्या घट्ट बांधलेली सात वर्षांची योवाना.

"लिमा बघायला आलो!" योवाना म्हणाली.

नेलिदा बूट बघत होती. घरात नवे बूट कुणाला आणि कधी घेतात, हे तिला कळत होतं. स्वयंपाकघरात बाई हलक्या आवाजात तेओफिलाला सांगत होत्या, "माझी नणंद चार वाजता येईल. चांगली बाई आहे. धाकटीला अगदी नेलिदासारखं ठेवेल." आणि तेओफिला बाईंचे हात हातात घेऊन आभार मानत होती. नेलिदा तेव्हा मला घासत होती. तिचा हात माझ्या बुडावर एकाच जागी फिरत राहिला.

"जा, फिरवून आण त्यांना," बाई म्हणाल्या. "चारच्या आत या."

नेलिदाने माझ्यात हिरवा भात केला. तेओफिलाने मला चादरीत बांधून पाठीवर घेतलं. किती खुशीत होती ती! रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "मागच्या वेळी किती धक्के खाल्ले, किती जणांना पत्ते विचारले! आता आपल्याला कुणाची गरज नाही. आपली लेकच लिमाची झाली. चल गं, दाखव."

नेलिदा पुढे चालू लागली. कोपरा आला, बेकरी आली, बाजार आला. भाजीवाली ओरडली, "एल्विराबाईंची पोर! आज कांदे नको का?" बाजार संपला आणि मोठा रस्ता लागला. बसवर बस येत होती, कंडक्टर दारात लोंबकळत जागांची नावं ओरडत होते. नेलिदा फुटपाथच्या कडेला थांबली.

"कुठली बस?" सातुर्निनोने विचारलं.

"अगं, समुद्राकडची कुठली?" तेओफिला हसत म्हणाली. "पाटी वाच ना. वाच मोठ्याने, योवानालाही कळू दे तिची ताई कशी वाचते ते."

एक बस गेली. दुसरी गेली. नेलिदा पाट्यांकडे बघत होती, म्हणजे मान तिकडे होती.

"आई, मला नाही माहीत."

"काय नाही माहीत?"

"कुठली बस जाते ते. मी इथपर्यंतच येते. भाजीला. याच्या पुढं मी कधी गेले नाही."

"म्हणजे? आणि समुद्र?"

"तुमच्याबरोबर बघितला होता तेवढाच."

"आणि शाळा?" तेओफिलाचा आवाज एकदम बारीक झाला. "शाळा कुठल्या बाजूला आहे?"

"मला नाही माहीत," नेलिदा म्हणाली. मग तिने योवानाच्या बुटांकडे बोट केलं आणि पहिल्यांदाच आईच्या डोळ्यांत बघून विचारलं, "हिला कशाला आणलंस?"

तेओफिला फुटपाथवर बसली. मी पाठीवर होतो, माझ्यासकट बसली. तिची पाठ हलत होती ते मला चादरीतून कळत होतं. सातुर्निनो उभा राहून टोपी फिरवू लागला. "बाईंना विचारू या... काहीतरी कारण असेल... निदान पोरीचे कपडे तरी..."

"नाही," तेओफिला म्हणाली. "वर गेलो तर ती गोड बोलेल. बिस्किटं देईल. पुढच्या वर्षी नक्की, म्हणेल. आणि आपण हिला पुन्हा ठेवून येऊ, आणि योवानालाही. मला तिचं काही नाही. मला माझा भरवसा नाही."

भात तिथेच फुटपाथवर काढला. अबेल सोडून कुणी खाल्ला नाही. मग पत्ता विचारत विचारत, धक्के खात, सगळे लांबच्या गाड्यांच्या मोठ्या अड्ड्यावर पोचले आणि वांकायोची गाडी धरली. योवाना वाटभर रडत होती, "समुद्र दाखवणार होता ना!" तिला कुणी काही सांगितलं नाही. तिला आजही वाटतं, की ताईमुळे तिचा समुद्र हुकला.

घरी पोचल्यावर तेओफिलाने मला चादरीतून काढलं आणि अंगणातल्या दगडावर आपटलं. कान तुटला तो तेव्हा, नेलिदा धरून बसली होती तोच. मी समजू शकतो. माणसाला स्वतःला आपटता येत नाही.

आठवड्याने गावच्या दुकानावरचा कर्णा गरजला, "तेओफिला! तेओफिला! लिमाहून एल्विराबाईंचा फोन! टोप चोरून नेला म्हणतात, परत पाठवा!" सारं गाव महिनाभर हसत होतं. तीन वर्षं पोर गेली त्याचा बोभाटा कधी झाला नव्हता. टोपाचा मात्र झाला. तेओफिला फोनवर गेली नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, पोर घरी आली, सगळं चांगलं झालं. मलाही तसं सांगायला आवडलं असतं. नेलिदा सगळ्यांच्या आधी उठायची, सांगायच्या आत लादी पुसायची. आमच्या घरात लादी नाही, मातीची जमीन आहे. ती ओल्या फडक्याने मातीच पुसत बसायची. जेवायच्या वेळी दाराशी उभी राहायची. तेओफिलाने विचारलं, "बसत का नाहीस?" तर म्हणाली, "बसू का?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईला. तेओफिला तेव्हा चुलीकडे तोंड करून म्हणाली, "धूर फार झालाय आज." चूल विझलेली होती.

शाळेत तिला अकराव्या वर्षी दुसरीत बसवलं. तिचे गुडघे बाकाखाली मावत नसत, म्हणून ती तिरकी बसायची. मुलं तिला बाई म्हणून चिडवायची. ती रोज गेली. मास्तर यायचा नाही त्या दिवशीसुद्धा जाऊन बसायची. आता ती वाचते. दुकानातल्या पिशव्या, औषधाच्या बाटल्या, दिसेल ते वाचते, पण मनातल्या मनात. मोठ्याने वाच म्हटलं की थांबते.

या वर्षी बटाटा चांगला आला. परवा सगळे अंगणात बसले होते, मीही होतो, कोंबड्यांसह. तेओफिलाने बरेच दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. "या फेब्रुवारीत लिमाला जाऊ. सगळेच. कुणाच्या घरी नाही उतरायचं. दोन दिवस नुसता समुद्र बघू, मनसोक्त."

योवाना उठून मेंढ्यांकडे गेली. नेलिदा मका सोलत होती, ती सोलत राहिली. सातुर्निनोने टोपी हातात घेतली. अबेल आता सात वर्षांचा आहे आणि मनात येईल ते बोलतो. त्याने विचारलं, "आई, या वेळी कोणाला ठेवायचं?"

तेओफिलाने नेलिदाकडे पाहिलं. तिला वाटलं असावं, निदान ही तरी म्हणेल की असं काही नाही रे. नेलिदाने अबेलला जवळ ओढून घेतलं आणि आपल्या मागे बसवलं.

आता शेवटी मी तुमच्याकडे काहीतरी मागावं अशी अपेक्षा असेल. मला घासा, कान जोडून घ्या, चुलीवर चढवा असं मी म्हणणार नाही. मी कोंबड्यांना पुरतो आहे. मागायचं ते तुमच्या लेकरांसाठी मागतो. त्यांना फिरायला न्याल तेव्हा कुठे आणि कशाला नेताय ते खरं सांगा, आणि जितकी घेऊन निघालात तितकी मोजून घरी आणा. एकदा का त्यांना तुमचं 'चला' कळलं, की मग तुम्ही जन्मभर दारात उभं राहून कितीही मायेने हाका मारा. आमची तेओफिला परवापासून मारतेच आहे. अजून एकानेही बूट घातलेले नाहीत.